आधी मुरलेलं काम दाखवा

बारामती-इंदापूर पट्ट्यात टॅटू म्हणजे बहुतेक वेळा अक्षरं. ‘आई’, ‘आई-बाबा’, लेकीचं नाव, ‘माउली’, ‘जय मल्हार’, ‘महादेव’, राजमुद्रा. चित्र असलंच तर त्रिशूळ, मोरपीस, वाघ किंवा महाराजांचा चेहरा, आणि त्याच्याही खाली एखादी ओळ असतेच. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत माणूस शैली शोधत जातो. कुणाला जपानी पद्धतीचं हवं असतं, कुणाला नुसते ठिपके. इथला पोरगा शर्टाची बाही वर करत सांगतो, ‘दादा, नाव टाकायचंय.’ पुढचा प्रश्न दराचा, त्याच्या पुढचा दुखतं का याचा, आणि तासाभरात काम उरकून फोटो स्टेटसला लागलेला असतो. काढणारा कसा आहे याची चौकशी करायची राहून जाते. केलीच तर त्याच्या इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून.

माझा सगळा आक्षेप त्या फोटोंवर आहे. ते काम संपल्याच्या पाचव्या मिनिटाला काढलेले असतात. कातडी तुकतुकीत, शाई काळीभोर, वरून दिव्याचा झोत आणि मोबाइलचा फिल्टर. त्या क्षणी कुणाचाही टॅटू चांगलाच दिसतो. लोणचं घातल्या दिवशी चाखून कोणी बरणी विकत घेत नाही. टॅटूही मुरल्यावर बघायचा असतो. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, उन्हातान्हात राबलेल्या हातावर. आणि ही सोय तालुक्याच्या गावात शहरापेक्षा जास्त आहे. काढणाऱ्याची गिऱ्हाइकं इथंच राहतात. कोणी तालमीत भेटतं, कोणी तुळजाराम चतुरचंद कॉलेजच्या कट्ट्यावर, कोणी एमआयडीसीच्या कँटीनमध्ये. ‘हे कुणाकडून काढलंस? कधी काढलंस? हात पुढं कर बघू’, एवढं विचारायला इथं ओळखीचीही गरज पडत नाही.

पारखीची ही पद्धत जुनीच आहे. गोंदणारणी गावोगाव फिरायच्या तेव्हा त्यांच्याकडे ना पाटी होती ना नमुन्यांची वही. त्यांची वही म्हणजे गावातल्या बायकांचे हात. सासूच्या मनगटावरचं तुळशीवृंदावन चाळीस वर्षांनीही ओळखू येत असेल तर ते काढणारीच्या लेकी-सुनांना वाड्यावर बोलावणं यायचं. दिव्याची काजळी, तिच्यात कुठल्या तरी पाल्याचा रस, दोऱ्यानं बांधलेल्या तीन-चार सुया, आणि काम झाल्यावर वर हळद. मोबदला म्हणून सुपात जोंधळे, नाहीतर जुनं लुगडं. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातावर कृष्णाचा मुकुट, पाळणा, विंचू, लक्ष्मीची पावलं. मेल्यावर दागिने उतरवून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं म्हाताऱ्या बायका सांगायच्या. धनगरवाड्यांवरच्या आज्यांच्या हातांवर ते अजून बघायला मिळतं. हिरवट-निळसर झालेलं, कडा थोड्या सुटलेल्या, तरी आकार शाबूत. हातातली सुई किती खोल न्यायची हे त्या बायकांना यंत्राशिवाय कळत होतं.

पण त्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकू नये. त्याच सुया एका अंगणातल्या सगळ्या बायकांना लागायच्या. सुई दिव्याच्या ज्योतीवर धरली म्हणजे झालं, अशी समजूत होती. त्यातून कावीळ कुणाकुणाला गेली असेल, याचा हिशेब कधी कोणी ठेवला नाही.

नंतर यंत्र आलं. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीनं १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या गोंदण-यंत्राचं पेटंट घेतलं, तेही एडिसनच्या १८७०च्या दशकातल्या विजेच्या लेखणीवरून सुचलेलं. आपल्याकडे ते यंत्र आधी जत्रेत पोचलं आणि दुकानात फार उशिरा. जेजुरी, शिखर शिंगणापूर, पंढरपूर अशा ठिकाणी रस्त्याकडेला पत्र्यावर रंगवलेले नमुने, बॅटरीवर गुरगुरणारं यंत्र, शाईचं टोपण आणि पुसायला एक फडकं. अक्षरामागं दर ठरलेला. आषाढात तुकोबांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, आणि तिच्या मागोमाग बाजारही सरकत येतो. जत्रेतल्या गोंदणवाल्याचा हात कधीकधी खरोखर सफाईदार असतो, हे मी नाकारत नाही. दिवसाला शेकडो अक्षरं काढणाऱ्याचा हात बसणारच. पण तिथं एक गिऱ्हाईक उठतं आणि दुसरं बसतं, त्या मधल्या वेळात सुई बदलली जात नाही. तेवढ्या एका कारणासाठी जत्रेतला टॅटू पूर्णपणे बाद. वर, उद्या त्याच्याकडे तक्रार घेऊन जायचं म्हटलं तर त्यानं तंबू हलवलेला असतो.

आता बारामतीत टॅटूची दुकानं आहेत. काही नुसती टॅटूची, काही सलूनला जोडून, काही वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. इंदापूरकडची पोरं बारामतीला किंवा अकलूजला जातात, हौस मोठी असेल तर पुण्याची एसटी धरतात. या धंद्यात उतरायला परीक्षा नाही. डॉक्टरला, औषध दुकानदाराला जसा परवाना लागतो तसा टॅटू काढणाऱ्याला लागत नाही. दुकान म्हणून नोंद असते तेवढीच, आणि महाराष्ट्रातल्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना दिली तरी भागतं. म्हणून भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र फार मनावर घेऊ नये. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या स्टुडिओत काही आठवडे शिकल्याचा तो दाखला असतो. तो खोटा नसतो, पण त्यावरून हाताचा अंदाज येत नाही. सिलिकॉनच्या नकली कातडीवर रेघ सरळ आली तरी माणसाची कातडी हलते, ताणते, रक्त सोडते.

आता हाताच्या परीक्षेकडे येऊ. आपल्याकडे अक्षरं जास्त, म्हणून परीक्षा अक्षरांवरच घ्यावी, आणि देवनागरी ही त्यासाठी फार कडक लिपी आहे. पहिली अडचण शिरोरेषेची. इंग्रजी नावात एवढी लांब सरळ रेघ नसते; आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ती असते, आणि सरळ रेघेतला कंप लपत नाही. ती एका दमात ओढली आहे की तुकड्या-तुकड्यांनी जोडली आहे, हे मुरलेल्या टॅटूत लगेच कळतं. जोडाच्या जागी गाठी दिसतात. दुसरी अडचण हाताची. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात पालथा केला की आतली कातडी पिळली जाते. तळहात वर ठेवून, टेबलावर हात सपाट करून छापलेली शिरोरेषा हात खाली सोडल्यावर तिरकी जाते. जाणकार माणूस तुम्हाला आधी उभं करतो, हात सैल सोडायला लावतो, स्टेन्सिल लावतो, हात वळवून बघायला सांगतो, आणि मनासारखं बसलं नाही तर पुसून पुन्हा लावतो. तिसऱ्यांदा पुसतानाही ज्याच्या कपाळावर आठी येत नाही तो माणूस धरून ठेवावा.

तिसरी गोष्ट आणखी बारीक. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यात फरक केवढा? डोक्यावरच्या रेघेतली एक फट आणि एक छोटीशी गाठ. शाई कातडीत वर्षागणिक थोडी पसरतेच, हा निसर्ग आहे. अक्षर लहान काढलं असेल तर ती फट आधी भरते. मग ‘राधा’ची ‘राघा’ होते आणि ‘भीमा’ची ‘मीमा’. अनुस्वाराचा ठिपका फुगून शिरोरेषेला चिकटतो. ‘आई’ हा शब्द सोपा वाटतो, पण ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा आणि खालचं वळण यांत मोकळी जागा ठेवायला हात लागतो. माझ्या मते अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान देवनागरी अक्षर अंगावर काढूच नये. तसा आग्रह धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘मोठं घ्या, नाहीतर दोन वर्षांत चिखल होईल’ असं सांगणारा कारागीर शोधावा.

राजमुद्रेचं हेच. अष्टकोनी चौकटीत आख्खा संस्कृत श्लोक, तोही जोडाक्षरांनी गच्च. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी राजमुद्रा मनगटावर काढून घेतलेली अनेकांच्या हातांवर दिसते. पहिल्या दिवशी ती वाचता येते. पुढं लांबून अष्टकोन दिसतो आणि आत नुसता काळा गिलावा. तळहाताएवढी जागा देता येत नसेल तर राजमुद्रेचा हट्ट सोडावा. महाराजांच्या चेहऱ्याचंही तसंच आहे, किंबहुना जास्त. चेहरा लहान काढला की डोळे आधी जातात. आणि बिघडलेला चेहरा अंगावर घेऊन गावात फिरणं काय असतं, ते वेगळं सांगायला नको. बरेच कारागीर देवाचं किंवा महाराजांचं चित्र कमरेखाली काढायला साफ नकार देतात. त्यात श्रद्धा किती आणि पुढची कटकट टाळायची किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नकार योग्यच आहे.

लेखनाची चूक हा प्रकार तर हसावं की रडावं असा. संगणकातल्या काही चित्र-प्रणालींत देवनागरी नीट बसवलेली नसते. तिथं मराठी शब्द चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं यायची ती मागं जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, ‘ज्ञ’ सुटा होऊन पाय मोडलेला ‘ज’ उघडा पडतो. काढणारा मराठीच असतो, तरी समोरच्या छापील कागदाची नक्कल करताना डोळा अर्थ वाचत नाही. म्हणून मजकूर आधी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून द्यावा, स्टेन्सिल लागल्यावर तो मोठ्यानं वाचावा, आणि बरोबर आलेल्यालाही वाचायला लावावा. हल्ली मोडीत नाव काढायची टूम आहे. ती हौस असेल तर मोडी येणाऱ्या माणसाला आधी दाखवा. मोबाइलच्या ॲपनं दिलेली मोडी आंधळेपणानं अंगावर घेऊ नका.

मुरलेलं काम बघताना आणखी काय बघावं? रेघेच्या कडेला निळसर सावली पसरली असेल, जणू टीपकागदावर शाई सांडली आहे, तर सुई गरजेपेक्षा खोल गेली होती. कातडीचा वरचा थर कागदासारखा पातळ. शाई त्याच्या खालच्या थरात, एक-दोन मिलिमीटरच्या आतच बसायला हवी. वर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते आणि मध्येच पांढरे तुकडे दिसतात. खाली गेली तर पसरते. रेघेवरून बोट फिरवून बघा. उंचवटा लागला तर तिथं कातडी जखमी होऊन वण धरला आहे. शेडिंग बघताना काळ्याकडून कातडीच्या रंगाकडे जाणारी छटा सलग आहे की पट्टे पडले आहेत, ते पाहा. हे सगळं एकाच माणसाच्या निदान चार-पाच गिऱ्हाइकांवर बघा, कारण वणाचा दोष कधीकधी गिऱ्हाइकाच्या कातडीचाही असतो.

रंगांबद्दल थोडक्यात. गव्हाळ-सावळ्या कातडीवर पिवळा, पांढरा, फिका गुलाबी हे रंग टिकून दिसत नाहीत. आपल्या कातडीचा रंग त्यांच्यावर गाळणीसारखा बसतो. काळा सगळ्यात इमानी. लाल रंगाची ॲलर्जी बाकी रंगांपेक्षा जास्त आढळते, खाज आणि गाठी वर्षानुवर्षं येत राहतात. इन्स्टाग्रामवर गोऱ्या कातडीवरचा सप्तरंगी मोर दाखवून ‘असाच काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे त्याच रंगातलं, आपल्याच वर्णाच्या माणसावरचं, वर्षभर जुनं काम मागावं.

हात पारखला तरी अर्धंच झालं. उरलेलं अर्धं टेबलावर दिसतं, आणि ते बघायला कौशल्य लागत नाही, धीर लागतो. काम ठरवायच्या दिवशी काढूच नका, नुसतं बसून दुसऱ्याचं काम बघा. चांगला माणूस सुरुवातीला टेबलावर नवं प्लास्टिक पसरतो. यंत्राला आणि वायरीलाही प्लास्टिकची पिशवी चढवतो. सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडतो. पाकिटावर मुदतीची तारीख आणि निर्जंतुक केल्याची रंग बदलणारी खूण असते, ती तो न विचारता दाखवतो. शाई बाटलीतून एकदाच वापरायच्या छोट्या टोपणात घेतो आणि उरलेली फेकतो, बाटलीत परत ओतत नाही. हातमोजे घातल्यावर मोबाइल उचलला, दाराची कडी लावली, चहाचा कप धरला तर मोजे बदलतो. या शेवटच्या परीक्षेत बरेच जण नापास होतात. फोन वाजतो, मोज्यानं उचलला जातो, आणि तोच मोजा पुन्हा उघड्या कातडीवर. काम झाल्यावर सुया जाड भिंतीच्या डब्यात जातात की केराच्या बादलीत, हेही बघावं.

‘आम्ही सुया उकळून घेतो’ किंवा ‘डेटॉलमध्ये ठेवतो’ असं उत्तर आलं तर उठावं. साध्या उकळण्यानं काही जंतूंची बीजं मरत नाहीत. त्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं लागते. निळ्या दिव्याची पेटीही त्याची जागा घेत नाही. धोका कशाचा, तर लोकांच्या तोंडी पहिलं नाव एचआयव्हीचं येतं. खरं भय काविळीचं, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीचं. बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्ताच्या डागात सात दिवसही जिवंत राहू शकतो, आणि दूषित सुई टोचल्यावर तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो. बीवर लस आहे. पण सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११ च्या सुमारास. आज विशीत असलेल्या, गावात वाढलेल्या बऱ्याच जणांना ती लहानपणी मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त. तीन डोस, सहा महिन्यांत पुरे होतात. टॅटूचा विचार वर्षभर डोक्यात घोळत असतोच. तेवढ्या काळात लस होऊन जाते. आणि टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही रक्तदान शिबिराच्या रांगेत कळण्याऐवजी आधी कळलेलं बरं.

शाईकडे तर कोणी बघतच नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एकाच कलाकाराकडून टॅटू काढलेल्या १९ जणांच्या कातडीवर पुळ्या उठल्या आणि बऱ्या होईनात. तपासात निघाला तो क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जिवाणू, आणि त्याचं मूळ कारखान्यातून आलेल्या राखाडी शाईत. काळी शाई पातळ करायला वापरलेलं डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक नव्हतं. सुई नवी होती, मोजे नवे होते, दुकान स्वच्छ होतं. आपल्याकडे शेडिंगसाठी काळी शाई पातळ करताना काय मिसळतात, हे विचारा. बाटलीबंद पिण्याचं पाणी, आरओचं पाणी ही उत्तरं चुकीची. निर्जंतुक पाण्याची किंवा सलाइनची सीलबंद बाटली हे बरोबर उत्तर. युरोपीय संघानं २०२२ च्या जानेवारीपासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं आणली. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही, आणि डायनॅमिक, इटर्नल, इंटेन्झ अशा नावांच्या नकली बाटल्या बाजारात फिरतात. बाटलीवर बॅच क्रमांक आणि मुदत आहे का, एवढं तरी बघता येतं.

आता उलटी बाजू. तो तुम्हाला काय विचारतो? चांगला कारागीर विचारतो, वय किती? मधुमेह आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? आधीच्या जखमेचे वण फुगून गाठ होते का? अंगावर कोड किंवा सोरायसिस आहे का? (या दोन्हींत सुई टोचलेल्या जागी नवा डाग उठू शकतो.) तिळावर, मसावर तो सुई चालवत नाही, कारण पुढं त्या तिळात काही बदल झाला तर दिसायचाच नाही. नंबिंग क्रीमची ट्यूब आख्ख्या दंडाला फासून प्लास्टिक गुंडाळत नाही. त्यातलं भुलीचं औषध जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर झटके येऊ शकतात. अठरा वर्षांखालच्या पोराला परत पाठवतो. ब्रिटनमध्ये १९६९ पासून त्यासाठी कायदाच आहे. आपल्याकडे दुकानदाराच्या सदसद्विवेकावर सोडलेलं आहे, आणि दहावीच्या सुटीत तो विवेक बऱ्याच ठिकाणी पातळ होतो. दारूचा वास आला तर तो काम करत नाही; दारूनं रक्त जास्त सुटतं आणि शाई बाहेर येते. प्रेयसीचं नाव काढायला आलेल्याला दोन दिवस थांबायला सांगणारेही मला माहीत आहेत. त्यांच्या धंद्याचं त्यात नुकसान झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दराबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक ठिकाणी इंचावर दर असतो आणि कमीत कमी रकमेची अट असते. ऑफरचा बोर्ड, ‘जोडीनं काढा, एक फुकट’ हे मला तरी शंकास्पद वाटतं. नवं कार्ट्रिज, मोजे, शाई, प्लास्टिक यांचा खर्च ठरलेला आहे. कोणी फारच स्वस्तात करत असेल तर तो यातलं काय वाचवतो, हे विचारावं.

काढून झाल्यावरचे दोन-तीन आठवडे गिऱ्हाइकाचे, आणि बरेच टॅटू तिथंच बिघडतात. मग दोष कारागिराच्या माथी. ही जखम आहे हे विसरलं जातं. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतो आहे, आणि उन्हाळ्यात त्यात किंवा विहिरीत उडी मारल्याशिवाय इथल्या पोरांची सुटी जात नाही. ताज्या टॅटूवर कालव्याचं, विहिरीचं, उजनीच्या फुगवट्याचं पाणी नको म्हणजे नको. उसाच्या पाचटानं हात चरचरीत कापले जातात हे फडात गेलेल्या कोणालाही माहीत आहे. गोठ्यातलं शेण, फवारणीचं औषध, म्हशीची धार काढताना घासणारा हात, हे सगळं शहरी माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. ‘जिम टाळा, पोहू नका’ एवढंच असतं. इथल्या कारागिरानं ‘काम काय करतोस?’ हे विचारूनच पुढची काळजी सांगायला हवी. ऊसतोडीच्या, पेरणीच्या धांदलीत टॅटू काढूच नये. लाली वाढली, पू झाला, ताप आला तर त्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसू नये. बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्वचारोगतज्ज्ञ आहेत. महिना-दीड महिन्यानं तो स्वतः बोलावून घेतो का, सुटलेल्या जागा टच-अपनं भरून देतो का, हे जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं की समजतं.

राहिला तो प्रश्न, ज्याची या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त किंमत मोजली जाते, तो भरतीचा. बारामतीत भरतीच्या अकादम्या आहेत, पहाटे रस्त्याकडेनं पळणाऱ्या पोरांच्या रांगा आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या दंडावर, मानेवर, छातीवर ‘आई’ आहे. सैन्याच्या नियमानुसार कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूवर आणि तळहाताच्या मागच्या बाजूवर. रूढीनं गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींना वेगळी सवलत आहे. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांत नियम आणखी अरुंद. त्यांना हाताची आतली बाजू चालते ती डाव्याच हाताची, कारण सलामी उजव्या हातानं देतात. किंवा हाताचा पंजा, मागच्या बाजूनं. आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. मजकूर देवाचं चिन्ह किंवा नाव असला तर अडचण नाही. म्हणजे भरतीचा विचार असलेल्या पोरासाठी सुरक्षित जागा दोनच: डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू, नाहीतर पंजाची मागची बाजू, आणि तिथंही लहानसं काम. दंडावरची ‘आई’ तिथं अपात्र ठरते. प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत नियम पुन्हा छापलेला असतो, तो वाचावा.

हे सैन्याला माहीत आहे, अकादमीतल्या सरांना माहीत आहे, टॅटू काढणाऱ्यालाही माहीत असतं. बारामतीत बसून विशीतल्या पोराच्या मानेवर सुई ठेवण्याआधी ‘भरतीचं बघतोयस का?’ एवढं न विचारणारा कारागीर, त्याची रेघ कितीही सुरेख असो, माझ्या यादीत बसत नाही. कारण नंतर सुरू होते ती पुसापुशी. कोणी ॲसिड लावतो, कोणी बिब्बा घालतो, आणि टॅटूच्या जागी भाजल्याचा वण घेऊन मेडिकलला उभा राहतो. रीतसर मार्ग लेसरचा. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीची एनडी-याग लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. काळी शाई तिला दाद देते, हिरवी-निळी फारशी देत नाही. एका बैठकीत काही जात नाही. दोन बैठकींत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं, आणि पाच-सहा बैठका सहज लागतात. खर्च टॅटूच्या कितीतरी पट. हिशेब मांडला तर सहा ते नऊ महिने झाले, तेही जागा पूर्ण साफ होईल याची हमी नसताना. जाहिरात निघाल्यापासून मैदानावर उभं राहीपर्यंत एवढे महिने मिळतीलच, याचा भरवसा कोणत्याच भरतीत नसतो.